ट्यून केलेली जुनी फियाट विकायची आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडलेली फियाट ११०० किंवा पद्मिनी. इंजिन कुणीतरी जीव लावून बांधलेलं, पत्रा धड, रोज सकाळी एका चावीत सुरू होणारी. आणि आता ती द्यायची वेळ आली आहे. अशा गाड्यांचे मालक, त्यांची मुलं, कधी त्यांच्या पत्नी मला प्रश्न पाठवत असतात. माझ्या वडिलांचं ठाण्यात गॅरेज होतं, मी तिथेच लहानाची मोठी झाले आणि आमच्या घरची १९७४ ची गाडी मीच विकली. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नियम महाराष्ट्रातले धरले आहेत. शुल्काचे आकडे अधूनमधून बदलतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी परिवहन पोर्टलवर एकदा पाहून घ्या.

१. आमच्या गाडीला घरात सगळे फियाट म्हणतात, पण कागदावर वेगळंच नाव आहे. जाहिरातीत काय लिहू?

आरसीवर जे आहे तेच आधी लिहा, घरातलं नाव त्यानंतर. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभी केलेली कंपनी. १९५४ पासून तिथे फियाट ११०० बनू लागली. मुंबईकर ज्या गोलमटोल मॉडेलला 'डुक्कर फियाट' म्हणतात ते हेच, पुढचे दरवाजे उलटे उघडणारं. मग एलिगंट, सुपर सिलेक्ट, आणि १९६४ च्या सुमारास कोनाकोनांच्या बॉडीची 'डिलाइट'. तिलाच सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला थोडा काळ 'प्रेसिडेंट' म्हटलं गेलं आणि १९७४ पासून ती 'पद्मिनी' झाली. शतक संपतासंपता उत्पादन थांबलं.

जाणकार खरेदीदार नुसतं 'जुनी फियाट' वाचून पुढे जातो. 'प्रीमियर प्रेसिडेंट, नोंदणी १९७३, हँडगिअर, मूळ चेसीस आणि मूळ इंजिन नंबर' असं वाचलं की तो थांबतो. (हँडगिअर म्हणजे स्टिअरिंगपाशी असलेला गिअरचा दांडा.)

२. ही विंटेज की क्लासिक?

क्लबांच्या भाषेत विंटेज म्हणजे साधारण १९१९ ते १९३० मधल्या गाड्या. त्या हिशेबाने आपली फियाट क्लासिक. कायद्याच्या भाषेत मात्र पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, धंद्यासाठी न वापरलेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे विंटेज. १९७४ साली नोंदलेली गाडी २०२४ मध्ये ही वयाची अट पूर्ण करते. पण 'मूळ रूपात' हे दोन शब्द ट्यून केलेल्या गाडीला आडवे येतात. त्याबद्दल प्रश्न १५ पाहा.

३. पद्मिन्या तर गल्लोगल्ली होत्या. आमची दुर्मीळ कशी?

होत्या, आणि म्हणूनच कुणी जपल्या नाहीत. बहुतेक टॅक्सीत झिजल्या, उरलेल्या भंगारात गेल्या. मुंबईच्या काळ्यापिवळ्या ताफ्यातल्या शेवटच्या पद्मिनीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मधली होती, आणि टॅक्सीची २० वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली.

आज दुर्मीळ आहे ती खाजगी वापरातली, पावसाने न सडलेली, कागद पूर्ण असलेली आणि जिचं यांत्रिक काम एकाच माहीतगार हाताने केलं आहे अशी गाडी. या चारांपैकी तीन गोष्टी तुमच्याकडे असतील तर 'दुर्मीळ' हा शब्द बिनधास्त वापरा. नुसतं मॉडेल जुनं आहे म्हणून वापरू नका. खरेदीदार दोन मिनिटांत ओळखतो आणि मग तुमच्या खऱ्या दाव्यांवरही शंका घेतो.

४. 'इंजिन ट्यून केलं आहे' एवढं लिहिलं की पुरे ना?

अजिबात नाही. बहुतेक चांगल्या गाड्या इथेच मार खातात. 'ट्यून केलेली' हा शब्द इतका वापरून झिजला आहे की त्यात प्लग बदलण्यापासून कॅम घासण्यापर्यंत सगळं बसतं.

मूळ इंजिन १०८९ सीसीचं आहे, ६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोक. ताकद सुमारे ४० हॉर्सपॉवर. त्या काळच्या आपल्याकडच्या पेट्रोलला झेपावं म्हणून कॉम्प्रेशन कमी ठेवलेलं. त्यामुळे जाणत्या मिस्त्रीला वाव भरपूर होता. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवणं, पोर्ट गुळगुळीत करणं, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) पुन्हा ग्राइंड करणं, मूळ सोलेक्स कार्ब्युरेटर काढून डबल बॅरल बसवणं, मॅनिफोल्डच्या जागी हेडर्स (एक्झॉस्टच्या सुट्या नळ्या), हलकं केलेलं फ्लायव्हील, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन. जुहूच्या धावपट्टीवर आणि मद्रासजवळच्या शोलावरमला शर्यतीत धावणाऱ्या फियाट याच वाटेने तयार व्हायच्या. खुद्द फियाटने १९५३ साली इटलीत ११००/१०३ टीव्ही म्हणून जास्त ताकदीची आवृत्ती काढली होती. त्यामुळे या इंजिनावर मेहनत घेणं म्हणजे गाडी बाटवणं, हे मला कधीच पटलेलं नाही.

तुम्ही लिहायचं ते असं: काय बदललं, कधी, कुणी, त्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली. रिबोअर (झिजलेले सिलिंडर घासून रुंद करणं) झालं असेल तर कितवं ओव्हरसाइज पिस्टन आहे तेही लिहा, कारण पुढे अजून किती बोअर घेता येईल हे त्यावर ठरतं. हेड किती घासलं आहे याचा आकडा लेथवाल्याच्या बिलावर असेल तर ते बिल जपा. चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट करून आकडे लिहून ठेवा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा.

हॉर्सपॉवरचा आकडा मात्र डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) मोजला नसेल तर लिहू नका. 'साठ तरी असेल' या वाक्याने आजवर एकही गाडी विकली गेलेली मी पाहिलेली नाही.

वेगाबरोबर थांबण्याचीही माहिती द्या. या गाडीला मुळात चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. इंजिन वाढवलं आणि ब्रेक तेच ठेवले असतील तर तसं स्पष्ट सांगा. हा नुसत्या सौद्याचा प्रश्न नाही, उद्या त्या गाडीत कुणाचं तरी कुटुंब बसणार आहे.

५. असे बदल कायदेशीर आहेत का? विकताना अडचण येईल का?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. नियमबाह्य बदलासाठी कलम १८२अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

व्यवहारात याचा अर्थ असा. इंजिनाच्या आतलं काम, म्हणजे रिबोअर, व्हॉल्व्ह, हेड, ही दुरुस्तीच्या जवळची बाब आहे आणि आरसीवरचा तपशील त्याने बदलत नाही. मात्र इंजिनच बदललं, सीसी बदलली, बॉडी कापली, इंधनाचा प्रकार बदलला तर तो आरसीशी भिडणारा बदल. रंग आरसीवर लिहिलेला असतो, तो बदलला असेल तर नोंद करून घ्या. सायलेन्सर काढून नुसती नळी लावलेली असेल तर विकण्याआधी धड सायलेन्सर बसवा.

आणि पीयूसी. या जुन्या पेट्रोल गाड्यांना आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतं. कार्ब्युरेटरमध्ये मोठे जेट (पेट्रोल सोडणारी भोकं) टाकलेली इंजिनं इथे अडकतात. मिस्त्रीकडून मिश्रण ठीक करून ताजी पीयूसी काढा. खरेदीदारासाठी ती इंजिनाच्या तब्येतीची छोटी तपासणीच असते.

६. आमच्या गाडीत ११८ एनईचं निस्सान इंजिन आहे, आरसीवर मात्र फियाटचा इंजिन नंबर. आता काय करू?

हा सगळ्यात नाजूक प्रश्न, आणि दर महिन्याला येतो. १९८५ च्या प्रीमियर ११८ एनईमधलं ११७१ सीसीचं निस्सान ए१२ इंजिन पद्मिनीत बसवणं हा अनेक वर्षं लोकप्रिय उद्योग होता. गाडी छान पळते यात वाद नाही. पण नोंदीशिवाय असेल तर हस्तांतराच्या तपासणीत इंजिन नंबर जुळत नाही आणि गाडी तिथेच अडकते. विम्याचा दावाही त्याच कारणाने नाकारला जाऊ शकतो.

मूळ इंजिन घरात पडलं असेल तर ते बांधून परत बसवा आणि निस्सान इंजिन सुटं भाग म्हणून वेगळं द्या. हा माझा पहिला सल्ला. मूळ इंजिन नसेल तर आधी तुमच्या आरटीओत लेखी अर्ज करून हा बदल नोंदवता येतो का ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत कुणाकडून टोकन घेऊ नका. तिसरा मार्ग काही एजंट सुचवतात, नंबर ठोकून घेण्याचा. तो गुन्हा आहे. त्या वाटेला जाऊ नका, कितीही नेहमीचं काम असल्यासारखं सांगितलं तरी.

निस्सानचा गिअरबॉक्स बसवून हँडगिअरचा फ्लोअर शिफ्ट (खाली फरशीवरचा गिअर) केला असेल तर आरसीचा प्रश्न तेवढा येत नाही, पण जाहिरातीत लिहा. काही लोकांना तोच हवा असतो, आणि काही लोक फक्त हँडगिअरसाठी ही गाडी घेतात.

७. सगळं काढून गाडी पुन्हा मूळ रूपात आणली तर जास्त पैसे येतील का?

मूळ भाग तुमच्याकडे असतील तर आणण्याची गरज नाही, ते गाडीबरोबर द्या. आमच्याकडे सोलेक्स कार्ब्युरेटर, पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर, मूळ मॅनिफोल्ड आणि एअर क्लीनर ग्रीस लावून एका पत्र्याच्या पेटीत ठेवले होते. गाडी बघायला आलेल्या माणसाने इंजिनाआधी ती पेटी उघडली, आणि सौदा तिथेच झाला असं मला आजही वाटतं. परत फिरता येतं हे कळलं की ट्यूनिंगची भीती जाते.

मूळ भाग नसतील आणि बाजारातून गोळा करावे लागणार असतील, तर त्या भानगडीत पडू नका. ज्याला ट्यून केलेली गाडी हवी आहे असा माणूस शोधा. वेळ लागतो, पण तो येतो.

८. किंमत कशी ठरवायची? दहा जण दहा आकडे सांगतात.

आकडा मी कुणालाच सांगत नाही, कारण गाडी न बघता सांगितलेला आकडा खोटा असतो. पद्धत सांगते.

खर्चाचे तीन ढीग करा. पहिला: पत्रा, चेसीस आणि कागद. या गाडीच्या किमतीचा पाया हाच आहे. फरशी सडलेली असेल तर इंजिन कितीही गोड असलं तरी किंमत बसते. दुसरा ढीग कुणालाही हव्या असणाऱ्या कामांचा: वायरिंग, रेडिएटर, ब्रेक, किंगपिन, मागचे पाटे, टायर. हे पैसे बऱ्यापैकी परत येतात. तिसरा ढीग तुमच्या आवडीचा: कॅम, कार्ब्युरेटर, हेडर्स, बकेट सीट. याचे पैसे पूर्ण परत येतील अशी अपेक्षा ठेवू नका. समजा या कामांवर तुमचे दीड लाख गेले. योग्य खरेदीदार त्यातले काही देईल, चुकीचा खरेदीदार उलट 'हे सगळं काढायला खर्च येईल' म्हणून वजा करेल.

जाहिरातींतले आकडे पाहताना लक्षात ठेवा की ती मागितलेली किंमत आहे. एखादी गाडी सहा महिने त्याच आकड्याला दिसत असेल, तर तो आकडा बाजाराने नाकारलेला आहे. क्लबातल्या लोकांना विचारा. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आहे, त्यांच्या रॅलीच्या दिवशी गाडी घेऊन उभं राहिलात तर एका सकाळी जे कळेल ते महिनाभर फोन करून कळणार नाही.

बाकी एकाच मालकाची गाडी, त्यातही पारशी मालकाची, याला मुंबईत अजून मान आहे. तो मान आडनावाला नसून त्या घरांनी जपलेल्या सर्व्हिसच्या वह्यांना आहे. तुमचं आडनाव काहीही असो, वही असेल तर दाखवा.

९. विकण्याआधी नवा रंग मारून घेऊ का?

नको. ताज्या रंगाखाली काय दडलंय, हीच शंका खरेदीदाराच्या मनात पहिली येते. तो लोहचुंबक घेऊन येतो आणि जिथे चुंबक चिकटत नाही तिथे पत्र्यावर लांबी (पुट्टी) भरली आहे हे त्याला कळतं. थोडा फिका पडलेला जुना रंग जास्त विश्वासाचा वाटतो. धुणं, पॉलिश, क्रोमची सफाई आणि खालून गंज साफ करून कोटिंग, एवढं पुरे.

१०. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल मिळतं. खरेदीदार त्याबद्दल विचारतो, काय सांगू?

विचारतो तो जाणकार आहे. नीट उत्तर द्या. इथेनॉल जुन्या रबराला खातं: पेट्रोलची नळी, पंपाचा डायफ्रॅम, कार्ब्युरेटरमधली सीलं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर इथेनॉल ओलावा ओढतं आणि टाकी आतून गंजते. मिश्रणही थोडं पातळ होतं, म्हणून जेट त्याप्रमाणे लावावे लागतात. तुम्ही नळ्या आणि डायफ्रॅम इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घेतले असतील तर बिलासकट सांगा. घेतले नसतील तर विकण्याआधी बदला. खर्च मोठा नाही, आणि फुटक्या नळीतून गरम मॅनिफोल्डवर पडणारं पेट्रोल हा थट्टेचा विषय नाही.

याच अंगाने दुसरा प्रश्न येतो तो शिशाचा. २००० सालापासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं. हेडचं काम करताना एक्झॉस्टच्या व्हॉल्व्ह सीट कडक धातूच्या बसवल्या असतील तर तीही जमेची बाजू आहे.

११. जाहिरातीत कोणते फोटो टाकू?

सूर्यास्ताचा एक पुरे. बाकीचे कामाचे हवेत: चटई उचलून फरशी, दारांच्या खालच्या कडा, डिकीतली स्पेअर चाकाची जागा, जॅक लावायच्या जागा, पाटे बसतात तिथला पत्रा, इंजिन दोन्ही बाजूंनी, डॅशबोर्ड दिवे लागलेला. जिथे गंज आहे तिथला फोटो जवळून घ्या. थंड इंजिन सुरू होतानाचा अखंड व्हिडिओ करा, मधे न कापता. चेसीस नंबर आणि आरसीचा पूर्ण फोटो उघड्यावर टाकू नका. गंभीर माणूस भेटल्यावर दाखवा.

१२. नोंदणीची १५ वर्षं कधीच संपली आहेत. तशीच विकता येईल का?

कागदोपत्री अडेल. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओत दाखवून नूतनीकरण करावं लागतं. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या चारचाकीचं शुल्क ५,००० रुपये झालं, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरच्या गाडीसाठी १०,०००. उशीर झाला असेल तर महिन्याला ५०० रुपये जादा. शिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर.

हे आधी स्वतः करा. 'तुम्हीच करून घ्या, तेवढे कमी देतो' असं खरेदीदार म्हणाला तरी. पासिंग झालेली गाडी आणि पासिंग न झालेली गाडी यांच्या किमतीतला फरक या खर्चाहून बराच मोठा असतो. उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लावून घ्या. एप्रिल २०१९ आधीच्या सगळ्या गाड्यांना महाराष्ट्रात ती सक्तीची आहे, चारचाकीचा दर ७४५ रुपये अधिक जीएसटी. तिच्याशिवाय आरटीओतली कामं अडतात.

१३. आमचं आरसी जुन्या हिरवट वहीसारखं आहे, नंबर ऑनलाइन दिसतच नाही.

घाबरू नका, साठ-सत्तरच्या दशकातल्या गाड्यांचं असं होतं. जुनी रजिस्टरं 'वाहन' या सरकारी संगणक प्रणालीत चढवताना काही नोंदी राहून गेल्या. मूळ आरटीओत अर्ज करून 'बॅकलॉग एन्ट्री' करून घ्यावी लागते. आरसी बुक, कर भरल्याच्या पावत्या, विमा आणि चेसीस नंबरचा पेन्सिल प्रिंट (नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा) न्या. ठसा घेण्याआधी नंबरवरचा रंग थिनरने हळू काढा, पॉलिश पेपर मारू नका. घासलेला नंबर पाहिला की अधिकाऱ्याला शंका येणारच.

याला कधी आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून गाडी विकायचं मनात आलं की जाहिरातीआधी हे काम सुरू करा.

१४. नाव बदलण्यासाठी नेमके कोणते कागद?

राज्यातल्या राज्यात विकताना फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, आरसी, चालू विमा, पीयूसी, दोघांचे ओळखपत्र आणि पत्त्याचे पुरावे, पेन्सिल प्रिंट. बँकेचा बोजा कधीकाळी असेल आणि आरसीवर अजून दिसत असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. थकलेले ई-चलान भरून टाका. विक्रेत्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, खरेदीदाराने ३० दिवसांत नावावर करून घ्यायची असते.

१५. ट्यून केलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवून विकता येईल का?

२०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार चेसीस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी विंटेजमध्ये बसत नाही. तुमचं मूळ इंजिन गाडीत असेल आणि वरचे भाग परत बसवता येत असतील (प्रश्न ७ मधली पेटी इथेही कामी येते), तर मूळ रूपात आणून अर्ज करा. ट्यून केलेलीच ठेवायची असेल तर साधी नोंदणी बरी.

विंटेज नोंदणीचे फायदे-तोटे खरेदीदारालाही सांगा. नवीन नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,०००. आधीच नोंदलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते. पण मग ती रोज चालवता येत नाही: प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. अशी गाडी विकता येते, मात्र विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आपापल्या परिवहन कार्यालयाला ९० दिवसांत कळवायचं असतं. ज्याने चालवण्यासाठी म्हणून इंजिन बांधलं, त्याला ही बंधनं पटतील असं मला वाटत नाही.

१६. एजंट म्हणतो कोऱ्या टीटीओ (मालकी हस्तांतराच्या) फॉर्मवर सही करा, बाकी मी बघतो. करू का?

नाही. कोऱ्या फॉर्मवर गाडी दोन-तीन हातांतून फिरते आणि आरसीवर तुमचंच नाव राहतं. मधे अपघात झाला तर नोंदणीकृत मालक म्हणून भरपाईची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात हे स्पष्ट केलं आहे. खरेदीदाराचं नाव, तारीख, वेळ भरूनच सही करा. डिलिव्हरीची पावती दोन प्रतींत लिहा, त्यात किलोमीटर, वेळ आणि केलेल्या बदलांची यादी हवी. नाव बदललेली आरसी डोळ्यांनी पाहीपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

१७. गाडी वडिलांच्या नावावर आहे, ते आता नाहीत. भाऊ न्यू जर्सीत. मी एकटी विकू शकते का?

आधी गाडी वारसाच्या नावावर करावी लागते, फॉर्म ३१ भरून. सोबत मृत्यू दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि इतर वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र. परदेशातल्या भावाने तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून पाठवलेलं पत्र चालतं का, हे तुमच्या आरटीओत आधी विचारून घ्या, म्हणजे दुसऱ्यांदा कुरिअर करावं लागणार नाही. कायद्याने वारसाने तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. बरेच जण त्यानंतर येतात, दंड भरून काम होतं.

एक मनापासून सांगते. हे काम वडिलांच्या पश्चात लगेच करणं जड जातं. मीही दोन वर्षं गाडीवरचं कापड काढलं नव्हतं. पण तेवढ्या काळात ब्रेकचे सिलिंडर जाम झाले आणि टाकी गंजली. विकायची नसली तरी पंधरवड्यातून एकदा इंजिन गरम होऊ द्या.

१८. गिऱ्हाईक गोव्याचं किंवा बंगळूरचं असेल तर?

तर फॉर्म २८ भरून तुमच्या आरटीओची एनओसी लागते. आरटीओला कळवण्यासाठी विक्रेत्याला इथे ४५ दिवस मिळतात. नवीन राज्यात खरेदीदाराला तिथला कर भरून तिथला नंबर घ्यावा लागतो. म्हणजे तुमचा तीन अक्षरांनी सुरू होणारा जुना नंबर जातो, आणि याचं वाईट वाटणारे खरेदीदार असतात, आधीच सांगा. महाराष्ट्रातच विकली तर नंबर गाडीबरोबर राहतो.

दिल्ली परिसरासाठी विचारणा आली तर सावध राहा. तिथे १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत. साधी नोंदणी असलेली फियाट तिथे चालवायला देणं म्हणजे खरेदीदाराला अडचणीत टाकणं.

१९. आमची पद्मिनी आधी टॅक्सी होती. सांगायलाच हवं का?

हो. आरसीच्या इतिहासात दिसतंच, आणि दरवाजाच्या आतल्या कडांना पिवळा रंग सापडतो. धंद्यासाठी वापरलेली गाडी विंटेज नोंदणीलाही बसत नाही. पण एवढ्याने खचून जाऊ नका, नीट खाजगी करून घेतलेल्या आणि मेहनतीने बांधलेल्या माजी टॅक्सीलाही प्रेमाने घेणारे आहेत.

२०. टेस्ट ड्राइव्ह द्यावी का? गाडी सगळ्यांना जमत नाही.

द्या, पण पहिले दहा मिनिटं तुम्ही चालवा. हँडगिअर, डबल क्लचची (गिअर बदलताना क्लच दोनदा दाबण्याची) सवय, उशिरा लागणारे ब्रेक हे सगळं आधी दाखवा. समोरच्याचा परवाना पाहा, विमा चालू हवा. गाडी थंड असताना त्याला बोलवा, म्हणजे थंड सुरुवात त्याच्यासमोर होते. चावी देऊन घरी थांबू नका. कॅम घासलेलं इंजिन आयडलवर थोडं अडखळतं, हे न सांगितल्यामुळे 'इंजिनात खोट आहे' म्हणून निघून गेलेला एक चांगला माणूस मला आठवतो.

२१. पैसे कसे घ्यावेत? कुणी सैन्यात आहे सांगून क्यूआर कोड पाठवतो.

तो फसवणुकीचा जुना प्रकार आहे. पैसे मिळवण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. गाडी न बघता पूर्ण किंमत मान्य करणाऱ्यापासूनही दूर राहा.

टोकन बँकेतून घ्या आणि ते परत मिळणार की नाही हे पावतीवर लिहा. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय चावी आणि मूळ आरसी देऊ नका. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

२२. विक्रीवर आयकर किंवा जीएसटी लागतो का?

स्वतःच्या वापरातली खाजगी मोटार ही वैयक्तिक वस्तू धरली जाते, त्यामुळे विक्रीतल्या नफ्यावर साधारणपणे भांडवली नफ्याचा कर लागत नाही. खाजगी व्यक्तीने अशी विक्री केल्यास जीएसटीही नाही. गाडी व्यवसायाच्या नावावर असेल, घसारा घेतला असेल, किंवा तुम्ही नियमित गाड्या घेऊन विकत असाल तर गोष्ट वेगळी, सीएला विचारा.

२३. विकल्यावर महिन्याने खरेदीदार म्हणतो इंजिन तापतं, पैसे परत द्या. मी बांधील आहे का?

माहीत असलेला दोष लपवला असेल तर वाद तुमच्यावर येऊ शकतो. सांगितलेला असेल आणि प्रश्न १६ मधल्या पावतीवर लिहिलेला असेल तर तुमची बाजू भक्कम. म्हणून 'जशी आहे तशी' एवढंच लिहून थांबू नका, दोष नावाने लिहा: 'उन्हाळ्यात वाहतुकीत अडकल्यास तापमान वाढते, रेडिएटर २०२१ मध्ये रिकोर केला.'

आणि कायद्यापलीकडे, फोन उचला. ट्यून केलेल्या इंजिनाच्या सवयी मालकालाच ठाऊक असतात. आमची गाडी घेणाऱ्या मुलाने पहिल्या दोन महिन्यांत सातआठ वेळा फोन केला. चोक किती ओढायचा, चढावर दुसऱ्यातून तिसऱ्यात कधी टाकायचा, टॅपेट थंड असताना किती ठेवायचे. वडिलांच्या वहीतलं ते पान मी त्याला फोटो काढून पाठवलं, आणि पुढच्या सर्व्हिसला वहीच देऊन टाकली.